बदलीवाल्याचा कागद

दिवाळी अंकात कायदेकानूंच्या गोष्टी घेऊन बसणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या रत्नागिरीकडच्या घरांत दिवाळी आणि मुंबईची गिरणी यांचे नाते असे काही जडले होते की, एकीचे नाव काढले म्हणजे दुसरी न बोलावता येऊन ओटीवर बसते. माझ्या आजीच्या तोंडी ‘दिवाळी’ या शब्दाच्या आधी ‘बोनस’ हा शब्द येत असे. बोनस झाला तर मनीऑर्डर, मनीऑर्डर आली तर रवा-साखर, आणि रवा-साखर आली तर दिवाळी, असा तो हिशेब.

मी या विषयाकडे वळलो तो मात्र माझ्या स्वतःच्या फजितीमुळे. मॅट्रिकवर अडलेला, दोन कादंबऱ्या लिहून बसलेला मी, काही वर्षांपूर्वी एका खाजगी शाळेत रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी शिकवायला लागलो. दहा महिने शिकवले. पगार पाकिटातून मिळे, पाकिटावर नाव नसे. पुढे दुसऱ्या ठिकाणी अनुभवाचा दाखला मागितला, म्हणून मी त्या शाळेत गेलो. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि शांतपणे म्हणाले, “मास्तर, आमच्या दप्तरात तुमचं नावच नाही, दाखला कसा देणार?”

मी म्हटले, “अहो, निकालपत्रकांवर अक्षर माझं आहे.”

“अक्षर असेल. नाव नाही.”

घरी येऊन ही हकिगत सांगितली तेव्हा सगळे चुकचुकले. आप्पा तेवढे हसले. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, “मंजे तू पन बदलीवाला झालास म्हन की, बाला!”

त्या एका शब्दापाशी माझा इतिहास सुरू होतो.

हल्लीच्या मुलांना बदली म्हणजे तलाठ्याची किंवा गुरुजींची बदली, एवढेच माहीत असते. गिरणगावात बदली म्हणजे माणूस. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, लग्नाला गेला, की त्याच्या मागावर किंवा साच्यावर त्या दिवसापुरता जो उभा राहायचा तो बदलीवाला. कायम कामगाराजवळ तिकीट असे. बदलीवाल्याजवळ पहाट असे. भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात जाऊन उभे राहायचे, आत कोण आले नाही याची वाट पाहायची, आणि जॉबरने बोट दाखवले तर आत शिरायचे. बोट नाही दाखवले तर आल्या पावली खोलीवर. परळ, लालबाग, भायखळ्याच्या चाळींत गावाच्या नावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत दहा-दहा, वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीवर दिवसपाळीवाला आडवा होई.

यांतली बहुतेक माणसे कुठली, हे निराळे सांगायला नको. १९११ च्या शिरगणतीच्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (त्या वेळचा जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच, तो वेगळा झाला १ मे १९८१ ला.) पुढे घाटावरून आणि उत्तरेतून माणसे आली तसे हे प्रमाण घटले, पण चाकरमानी हा शब्द आमच्या भाषेतून गेला नाही.

ही एवढी माणसे कामाला लागली ती कोणत्या कागदावर? कोणत्याच नाही. गावचा एखादा जॉबर असायचा, त्याच्या शब्दावर. जॉबर कामाला लावी, जॉबर काढी. लावण्याबद्दल दस्तुरी घेई आणि लागलेला माणूस टिकावा म्हणून मधूनमधून पुन्हा घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने आपल्या १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि माणसे नेमण्याचे काम जॉबरच्या हातून काढून घ्यावे, असे सुचवले. मला स्वतःला जॉबर नावाच्या प्राण्याला नुसता खलपुरुष ठरवणे पटत नाही. त्यानेच खोली मिळवून दिली, त्यानेच वाण्याकडे शब्द टाकला, गावी कुणी वारले तर बोटीच्या तिकिटाला पैसे त्यानेच दिले. पण हे सारे त्याच्या मर्जीवर होते, आणि गिरणीच्या दृष्टीने मधल्यामध्ये माणूस अदृश्यच राहिला.

मालक लोकांना कागदाचे वावडे होते असे मात्र कुणी समजू नये. कागद जेव्हा कामगाराला बांधत होता तेव्हा तो तत्परतेने तयार होई. १८५९ चा एक कायदा होता. कारागिराने किंवा मजुराने कामासाठी आगाऊ रक्कम उचलली आणि मग काम करायचे नाकारले, तर मॅजिस्ट्रेटसमोर उभे करून त्याला रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम देता येई, आणि हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. म्हणजे करार मजुराने मोडला तर तो गुन्हा, मालकाने मोडला तर तो दिवाणी वाद. हा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडावे लागले. सहासष्ट वर्षे! एवढ्या काळात आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या अंगठे उठवून मोकळ्या झाल्या असतील.

गिरणी कामगारांच्या बाजूने पहिला मोठा कागद झाला तो १८८४ साली. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि गिरणीच्या कामाची आतून माहिती असलेले गृहस्थ. त्यांनी त्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवल्या आणि सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी अर्ज तयार केला. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या-निशाण्या केल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, जखमी कामगाराला भरपाई या मागण्या बहुतेकांना ठाऊक असतात. आणि रविवारची सुटी १८९० साली खरोखर मिळाली, हेही शाळेत शिकवतात. मी स्वतः शिकवले आहे. पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. यात एवढे काय, असे वाटेल. त्यात सगळे होते. पगार महिना-दीड महिना अंगावर ठेवलेला असे. मधेच गावी जावे लागले, काम सुटले, तर अंगावरची ती रक्कम मागायची कशाच्या जोरावर? आपण काम केले याचा पुरावा मालकाच्या चोपडीत, आणि चोपडी मालकाच्या कपाटात.

आता बोनसची गोष्ट सांगतो, म्हणजे दिवाळीचे ऋण फिटेल.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि गिरण्यांना नफाही उदंड झाला. तेव्हा मालकांनी प्रथम युद्धभत्ता म्हणून आणि मग १९१९ पासून चार वर्षे साधारण महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला. चार वर्षे मिळाले की कोकणी माणूस त्यावर छपराची कौले ठरवतो, मुलीचे लग्न ठरवतो. १९२३ साली धंदा बसला आणि मालकांनी बोनस बंद असल्याचे सांगितले. जानेवारी १९२४ मध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मार्चपर्यंत बाहेर राहिले. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीचा निर्णय असा झाला की, कामगारांना रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने बोनसवर अंमलात आणता येईल असा कोणताही हक्क सिद्ध करता आलेला नाही. आजीच्या सासऱ्यांनी त्या वर्षी गावी येऊन नाचणी पेरली, असे आजी सांगे. ती त्या वेळी जन्मलीही नव्हती, पण घरच्या मोठ्या दुखण्यांची आठवण अशी हातोहात खाली येते.

बोनसचा हक्क कायद्यात उतरला तो १९६५ साली. वर्षात निदान तीस दिवस काम केलेल्यालाही त्या कायद्याने बोनसला पात्र ठरवले. तीस दिवस! बदलीवाल्यासाठी हा आकडा अमृतासारखा होता. फक्त ते तीस दिवस झाले कुठे लिहून ठेवलेले, एवढाच प्रश्न उरला.

याचेही उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३४ साली मुंबई सरकारने कामगार अधिकारी नेमला, आणि दुसऱ्याच वर्षी गिरण्यांत बदल्यांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धत आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक माणसांना बदलीचे कार्ड द्यायचे, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. आमच्या तोंडी बसलेल्या रेगे आडनावाच्या अध्यक्षांची जी कामगार चौकशी समिती १९४४ साली नेमली गेली, तिने या पद्धतीची नोंद घेतली आहे. मग १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याखाली केंद्र सरकारने नमुन्याचे नियम केले त्यांत म्हटले होते की, कायम कामगाराला तिकीट, तात्पुरत्याला तात्पुरते तिकीट, आणि बदलीवाल्याला बदली कार्ड द्यावे व त्यावर त्याने काम केलेले दिवस नोंदावेत. किती साधी आणि शहाणी गोष्ट! कुणा माणसाला एवढे तरी वाटले, म्हणून मी ते नियम वाचताना मनोमन नमस्कार केला.

पण पुढे वाचले आणि हात खाली आला. नोकरी संपताना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क त्याच नमुन्यात ‘प्रत्येक कायम कामगाराला’ दिलेला होता. तात्पुरत्या माणसाचे तिकीट कामावरून कमी होताना परत द्यायचे. बदलीवाल्याचे कार्ड कायम झाल्यावर परत द्यायचे. दाखल्याची सर्वांत जास्त गरज ज्याला, त्याचेच नाव त्या ओळीत नव्हते. जो पंचवीस वर्षे एका गिरणीत राहिला त्याला सारा परळ ओळखतो. चार महिने इथे, सहा महिने तिथे करणाऱ्याला कोण ओळखणार?

आप्पा १९७६ साली मुंबईस गेले आणि सहा वर्षे बदलीवर राहिले. कोणत्या गिरणीत, ते लिहीत नाही. महिन्यातून कधी बारा दिवस भरत, कधी अठरा. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत कायमवाले गावी जात तेव्हा मात्र चंगळ असे. “लोकांचा सन, तो आमचा हंगाम,” असे ते म्हणतात. म्हणजे सहा वर्षांत त्यांनी गावचा एकही गणपती पाहिला नाही. त्यांना कार्ड मिळे, पण महिना संपला की जुने जमा करून नवे घ्यायचे, त्यामुळे हाती कधी एकाहून जास्त राहिले नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बदलीवाल्यांना कायम करा हीही त्यातली एक मागणी होती. संप कधी रीतसर मिटलाच नाही. तो विरत गेला. आप्पा आठ-नऊ महिने थांबले आणि मग गावी निघाले. निघण्यापूर्वी गिरणीच्या दारात जाऊन त्यांनी सहा वर्षांच्या कामाचा काही कागद मागितला. दारावरच्या माणसाने सांगितले, “बदलीवाल्याला कसला कागद?” आणि दार लोटले.

गावी येऊन त्यांनी शेती केली, कलमे लावली, माझे शिक्षणही पाहिले. तो कागद सुमारे तीस वर्षे कुणाला आठवला नाही. तो आठवला घरांच्या वेळी.

गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांतल्या काही भागावर कामगारांसाठी घरे बांधावीत, असे २००१ च्या नियमांनी ठरले. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो पात्र. म्हाडाने अर्ज मागवले तेव्हा दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, आणि जून २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली ती सात हजारांहूनही कमी घरांची. अर्जाला पुरावा हवा. कोणता, त्याची यादी होती: गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सेवेचा दाखला, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ई.एस.आय.सी.चा क्रमांक, हजेरीपत्र, पगाराची पावती वगैरे. सरकारचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय घरे वाटली असती तर ती कुणाला मिळाली असती, हे सांगायला ज्योतिषी नको. पण ती यादी आमच्या ओटीवर वाचून झाली तेव्हा आप्पा उठून आत गेले आणि एक डबा घेऊन आले.

डब्यात त्यांची सहा वर्षे होती. मनीऑर्डरच्या काही पावत्या. गावच्या मंडळाच्या वर्गणीची एक. आणि एक मळकी, दोऱ्याने शिवलेली वही. ती लालबागच्या खानावळवाल्या बाईंची. पगार होईपर्यंत उधारीवर जेवण आणि पगाराला हिशेब, अशी खानावळींची रीत. संपात गिऱ्हाईकांची उधारी बुडाली, खानावळ बसली, तेव्हा बाईंनी आप्पांचे पान काढून देण्याऐवजी सगळी वहीच त्यांना देऊन टाकली होती. तीत तारखा होत्या. ज्या दिवशी आप्पांना काम मिळे त्या दिवशी ते डबा घेत; काम नसले की दुपारचे जेवण टाळत. बाईंनी डब्याच्या दिवशी नुसती फुली मारलेली. मी बसून फुल्या मोजल्या. १९८० आणि ८१ या दोन वर्षांच्या चारशे बारा भरल्या.

गिरणीच्या साहेबांनी जे ठेवले नाही, किंवा ठेवून दिले नाही, ते एका निरक्षर बाईने फुलीने ठेवले होते. यादीत ‘खानावळीची वही’ असा शब्द नव्हता. अर्ज आणून देणाऱ्या गृहस्थांनी वही हातात घेऊन पाहिली, परत दिली आणि म्हणाले, “आप्पा, फंडाचा नंबर तरी आहे का?” नव्हता. त्या काळी फंडात नाव जायला ठराविक मुदत भरावी लागे, आणि आप्पांचे दिवस तुकड्यातुकड्यांचे.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार कसा केला, हे पुढे मी कुतूहलाने वाचत गेलो. औद्योगिक विवादांच्या १९४७ च्या कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम हा मोठा उंबरठा होता. तो ओलांडला की माणसाला नोटीस आणि नुकसानभरपाई दिल्याशिवाय काढता येत नसे. पण दोनशे चाळीस दिवस भरले हे दाखवायचे कुणी? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या जंगलखात्याच्या एका खटल्यात म्हटले की, ते कामगाराने दाखवायचे, आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरे नाही. २००५ साली त्याच राज्यातल्या एका रोजंदाराचा खटला आला. ओझे कामगारावरच, हे न्यायालयाने कायम ठेवले. मात्र पुढे जे म्हटले ते आमच्या ओटीवर बसून म्हटल्यासारखे वाटते. रोजंदाराला नेमणुकीचे पत्र नसते, पगाराची पावती नसते. त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगावे, जो काही कागद असेल तो दाखवावा, आणि मालकाला हजेरीपट हजर करायला लावावे, एवढेच त्याच्या हाती असते. मग मालकाने हजेरीपट लपवला की काय, हे न्यायालय त्या त्या खटल्यात पाहील. म्हणजे चोपडी मालकाच्या कपाटात असेल, पण कपाट उघडायला सांगता येते. मला वाटते, माझ्या त्या शाळेच्या गृहस्थांपुढे बसलो होतो तेव्हा एवढे मला ठाऊक असते तर मी चहा तरी गोड मानून प्यालो असतो.

मध्यंतरी कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा झाला होता. त्याच्या नियमांत कंत्राटदाराने तीन दिवसांत कामाचे कार्ड द्यावे आणि काम कोणत्याही कारणाने संपले तरी सेवेचा दाखला द्यावा, असे लिहिलेले होते. किती कंत्राटदारांनी दिला, ते आपल्या गावच्या रस्त्याच्या खडीवर बसलेल्या बायांना विचारावे. आता हे जुने कायदे जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या एकीने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे, आणि ज्यांना आधी दिले नसेल त्यांनाही तीन महिन्यांत द्यावे असे म्हटले आहे. लोखंड्यांच्या अर्जापासून मोजले तर एकशे एक्केचाळीस वर्षे झाली. मात्र ती संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना धरून लिहिलेली आहे. आमच्या गावात दहा माणसे कामावर ठेवणारा असा एकच, आणि तो मुंबईला असतो.

दिवाळी झाली की इकडे आंब्याची कामे सुरू होतात. फवारणीला आणि पुढे राखणीला नेपाळातून माणसे येतात, सात-आठ महिने बागेतल्या खोपीत राहतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांचा हिशेब हंगामाच्या शेवटी. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या बागेतल्या राखणदाराचा मुलगा माझ्याकडे शिकायला येऊ लागला. एकदा त्याच्या बापाशी आप्पांचे काय बोलणे झाले कोण जाणे, एक भाषा यांना येत नव्हती आणि दुसरी त्याला. पण दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्यापुढे एक कोरी शंभर पानी वही घेऊन उभा राहिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो वही आणतो. मी तारीख घालतो, बापाने दिवसभर काय काम केले ते मुलगा सांगतो ते लिहितो, आणि खाली सही करतो. आप्पा ओटीवरून पाहत असतात. परवा ते म्हणाले, “बाला, नुसती सही नको. नाव लिही. त्याचं पन, आनि मालकाचं पन.”